बोटीच्या पोटातली हजेरी

नेदरलँड्समधल्या आइंडहोव्हनला माझ्या मुलाची, पुष्करची, मागची बाग आणि शेजारच्या मंजूषाची मागची बाग यांच्यामध्ये लाकडी कुंपण होतं. त्यातली एक फळी सारंगने, म्हणजे मंजूषाच्या नवऱ्याने, काढून ठेवली होती. समोरच्या दाराने जायचं तर घरांच्या सगळ्या रांगेला वळसा पडतो, आणि कोथिंबिरीच्या चार काड्यांसाठी एवढं कोण चालणार. त्या फटीतून मी पहिल्यांदा पलीकडे गेले ती मात्र कोथिंबिरीसाठी नव्हे, तक्रार करायला.

दुपारी जेवून जरा आडवं व्हायची माझी सवय. साताऱ्याच्या शाळेत शिकवत होते तोवर ती कधी धड पुरी झाली नाही, म्हणून निवृत्त झाल्यापासून मी ती निगुतीने सांभाळते. त्या उन्हाळ्यात पुष्करकडे तीन महिने राहायला गेले, तर शनिवार-रविवारी डोळा लागायच्या बेताला शेजारून आवाज सुरू होई. टक. टक. मग जरा शांतता. मग कानशीची खरखर.

सायकली ठेवायच्या लाकडी खोपटात चाळिशीला टेकलेली एक बाई स्टुलावर बसली होती. मांडीवर जुनी सुती साडी पसरलेली आणि तिच्यावर हातभर लांबीची पितळेची पट्टी. पट्टीला एका अंगाने फणीसारखे दाते होते. ती नखाने पट्टीवर टिचकी मारायची, कान द्यायची आणि एखादा दाता अगदी जरासा घासायची.

"बाई, झोपमोड झाली ना?" ती मान वर न करता म्हणाली.

"मी बाई आहे हे तुला कुणी सांगितलं?"

"पुष्करने. पण सांगायची गरज नव्हती. काल तुम्ही बागेतून इरावतीला 'पाठ सरळ ठेव' म्हणालात, तेव्हा इथे मीही सरळ झाले."

इरावती ही तिची मुलगी, प्राथमिक शाळेच्या शेवटच्या वर्गातून नुकती बाहेर पडलेली. मराठी सगळं कळायचं, उत्तर मात्र डचमध्ये किंवा इंग्रजीत. माझ्याशी बोलताना ती बिचारी दोन्ही भाषा बाजूला ठेवून नुसती मान हलवायची.

तक्रार राहिलीच. मी तिथल्या उलट्या ठेवलेल्या बादलीवर बसले आणि विचारलं, हे काय चाललंय. मंजूषाचा हा एक गुण मला त्याच दिवशी कळला. कुणी विचारलं तर ती "तुम्हाला नाही कळायचं" असं कधीही म्हणत नसे. क्षणभर विचार करायची, समोरच्या माणसाजवळ आधीच काय आहे ते शोधायची आणि तिथून सुरुवात करायची. चांगल्या शिक्षकांतसुद्धा हे सर्रास आढळत नाही.

"तुम्ही सातवीला विज्ञान शिकवायचा ना? लोलक दाखवला असेल."

"दरवर्षी. वर्ग अंधारा करून."

"पांढरा उजेड आत जातो आणि तांबडा एकीकडे, जांभळा दुसरीकडे पडतो. मग समजा वर्गातल्या एका कोपऱ्यावर फक्त जांभळा पडतोय. त्या कोपऱ्यातल्या मुलाशीच बोलायचं असेल तर मी जांभळा पाठवायचा. लोलक हलवायचा नाही. ही पट्टी तसं करते, फक्त उजेडाऐवजी रेडिओच्या लहरी. वारंवारता बदलली की लहरी वेगळ्या दिशेला निघतात. अँटेना जागची हलत नाही, तिची नजर फिरते."

"आणि ही नजर कुठे फिरवायची आहे तुला?"

"बोटीच्या पोटात."

मालवाहू बोटींच्या तळाशी पोलादी टाक्या असतात. दुरुस्तीच्या वेळी वेल्डर आत उतरतात. वर मॅनहोलशी, म्हणजे टाकीच्या तोंडाशी, एक माणूस दिवसभर बसून असतो, आतले लोक ठीक आहेत ना हे विचारत राहणं एवढंच त्याचं काम. चहूबाजूंनी पोलाद, मध्ये आडव्या-उभ्या पट्ट्या. साध्या वॉकीटॉकीचा आवाज भिंतींवर आपटून स्वतःच स्वतःला पुसून टाकतो. एका पावलावर ऐकू येतं, पुढच्या पावलावर मुकं. आत कुणाला भोवळ आली तर वरच्याला कळायला उशीर होतो. मंजूषाची फणी मॅनहोलच्या कडेला बसणार होती आणि एकेका कोपऱ्याकडे बघून एकेकाशी बोलणार होती.

"मग हे टिचकी मारून काय ऐकतेस?" मी विचारलं.

ती हसली. "काही नाही. टिचकीचा काडीचा उपयोग नाही, खरं मोजमाप ऑफिसात यंत्रावर होतं. माझं माहेर पुण्यातल्या तांबट आळीतलं. बाबा हंड्यावर टिचकी मारल्याशिवाय तो गिऱ्हाइकाच्या हातात द्यायचे नाहीत. हात आपोआप जातो."

तेवढ्यात सारंग चहा घेऊन आला. पुण्यात तो सॉफ्टवेअरमध्ये होता. बायकोच्या नोकरीपायी इथे आला आणि तेव्हा कोपऱ्यावरच्या सायकलच्या दुकानात दुरुस्तीचं काम करायचा. हाताला कायम चेनचं तेल, चेहऱ्यावर कायम समाधान.

"बाई, ही फणी जपून बघा हं," तो म्हणाला. "आमचं सगळं घर तिला टांगलेलं आहे."

ही थट्टा नव्हती. मंजूषाची कंपनी लहान होती. तिचा साहेब, मार्टाइन, सरळ माणूस, तिथल्या पद्धतीप्रमाणे काही पोटात न ठेवणारा. त्याने सांगून टाकलं होतं की सप्टेंबरात कापेल आन डेन आयसेलजवळच्या नदीकाठच्या एका गोदीत खऱ्या बोटीवर चाचणी आहे. वेल्डर काम करत असताना एकाही माणसाचा संपर्क तुटला, तर हे काम बंद, आणि वर्षअखेरीला संपणारा मंजूषाचा करार पुढे वाढणार नाही. तिच्या करारावर तिचा इथे राहायचा परवाना आणि तिच्या परवान्यावर सारंगचा, इरावतीचा. इरावतीला हव्या त्या शाळेत प्रवेश मिळाला होता, ती शाळेचा रस्ता सायकलवरून रोज पाठ करत होती. कुणी तिला काही सांगितलं नव्हतं. पण तिने एकदा मला फटीतून विचारलं, आणि चक्क मराठीत: "बाई आजी, आपण जाणार का?"

मी म्हटलं, "कुठे?"

ती मान हलवून निघून गेली.

अडचण अशी झाली की ऑगस्टमध्ये तिथे सगळा देश सुट्टीवर जातो. बांधकामवाल्यांच्या सुट्टीला ते बाऊफाक म्हणतात. त्या दिवसांत गवंडी मिळत नाही, सुतार मिळत नाही, मंजूषाच्या ऑफिसात तर झाडांना पाणी घालायलाही कुणी नव्हतं. आणि तिला माणसं हवी होती. रिकाम्या टाकीत तिची अँटेना छान चाले. पाण्याचे कॅन ठेवूनही तिने बघितलं होतं, कारण लहरींच्या दृष्टीने माणूस म्हणजे खाऱ्या पाण्याची पिशवी. पण कॅन एका जागी बसून राहतो, श्वास घेत नाही, मान वळवत नाही.

"माणसं हवीत ना?" मी म्हटलं. "आपल्या लोकांचे आईवडील आहेत की. सगळे तीन महिन्यांसाठी आलेले आणि सगळे कंटाळलेले."

अशी ती फौज उभी राहिली. दीनानाथराव अकोल्याचे, एस.टी.त डेपो सांभाळून निवृत्त झालेले. घोषणेचा आवाज आणि नेमस्तपणा दोन्ही तिथूनच आलेले. वीणाताई चिपळूणच्या, सरकारी दवाखान्यात परिचारिका होत्या, गुडघे दुखत पण तोंडाला विश्रांती नाही. आणि नाशिकचे गर्गे पती-पत्नी, जे एकमेकांशी फारसं बोलत नसत आणि एकमेकांवाचून कुठे जातही नसत.

शहराबाहेर कालव्याच्या काठी एका शेडमध्ये मोडीत काढलेल्या बोटीचा अर्धा तुकडा ठेवलेला होता. कंपनीने तो भाड्याने घेतला होता. कडेला दार कापलेलं, म्हणजे म्हाताऱ्यांना शिडी उतरायला नको. आत पंखा, दिवे, दाराला कडी नाही, नुसतं लोटायचं. मंजूषाने हे सगळं स्वतः तपासलं, मग सारंगकडून तपासून घेतलं, मग मला बघायला लावलं. आत पोलादी फासळ्यांच्या आडोशाला चार खुर्च्या मांडल्या होत्या. प्रत्येकाच्या गळ्यात एक छोटा डबा, त्यावर एक बटण. "डबा कुणाला देऊ नका, आपापल्या जागेवर बसा. तुमचं नाव पुकारलं की बटण दाबा आणि बोला. बस, एवढंच."

पुकारायचं काम माझ्याकडे आलं. मी बाहेर टेबलाशी, मंजूषा शेजारी पडद्यावरच्या रेघा बघत. मी ज्याचं नाव घेई त्याच्या खुर्चीकडे त्या फणीची नजर जाई.

"दीनानाथराव."

"हजर." हा शब्द असा यायचा की जणू अकोला-अमरावती गाडी फलाटाला लागली. दीनानाथराव आता नाहीत, मागच्या वर्षी गेले. तो "हजर" मात्र माझ्या कानात तसाच आहे.

"गर्गे."

"आहे आहे."

"गर्गेबाई."

"हो बाई."

"वीणाताई."

काही नाही. नुसती खरखर.

वीणाताईंची खुर्ची सगळ्यात आत, एका फासळीच्या मागे होती. मंजूषाने तो कोपरा मुद्दाम ठेवला होता, कारण तोच अवघड. ती उठली, दार लोटून आत गेली. सगळे आपापल्या खुर्चीवर, हात मांडीवर, शाळेत इन्स्पेक्टर आल्यासारखे. मंजूषाने वीणाताईंचा डबा बघितला. मला म्हणाली, "पुकारा."

"वीणाताई."

"हजर हो हजर," स्वच्छ आवाज आला.

ती बाहेर आली, दार लोटलं, आम्ही पुन्हा हजेरी सुरू केली. पुन्हा तिघेजण हजर आणि वीणाताई गायब.

असं दिवसामागून दिवस चाललं. मंजूषाने डबे बदलले, बॅटऱ्या बदलल्या, फणीचे दाते पुन्हा घासले. दार उघडलं की दोष नाहीसा, दार लोटलं की दोष हजर. तिचं म्हणणं असं की दार उघडं असताना लहरींना बाहेर वाट मिळते, म्हणून आतली गडबड कमी होते, म्हणजे मूळ गणितातच कुठेतरी चूक आहे. दिसायला ते अगदी बरोबर दिसत होतं. घरी ती रात्रीच्या जेवणाला ताटावर बसे आणि वाटीवर टिचकी मारत राही. सारंग तिची वाटी हळूच काढून घेई आणि पानात भात वाढे.

"बाबांचा हंडा कधी परत आला नाही," ती एकदा मला म्हणाली. "गिऱ्हाईक वर्षानंतर आलं तर दुसरा घ्यायला यायचं. आणि माझं हे बघा. मी दारात उभी असले की चालतं."

"मग तूच बसून राहा गोदीत दारात," सारंग म्हणाला. "मी डबा पोचवत जाईन."

ती हसली नाही. इरावती मात्र आईकडे बघून डचमध्ये काहीतरी पुटपुटली. सारंगने मला अर्थ सांगितला: सगळ्यांनी फोनवर मेसेज टाकावा, नाव कशाला ओरडायचं.

त्यानंतरची गोष्ट. सकाळी दमट हवा होती, शेडच्या पत्र्यावर कबुतरं चालत होती. हजेरी नेहमीसारखी गेली. शेवटी मी पुन्हा एकदा गर्गेबाईंचं नाव घेतलं.

"हो बाई," त्या म्हणाल्या. त्यांनी बटण लगेच सोडायला हवं होतं. सोडलं नाही. नंतर कळलं, हातात बेसनाचा लाडू होता, म्हणून अंगठा बटणावरच राहिला. आणि त्यांच्या डब्यातून दुसराच आवाज आला, जरासा लांबून, पण स्पष्ट:

"मेलं माझं नाव कधी घेतच नाहीत बाई. रोज तुमच्या तिघांचीच हजेरी."

तो वीणाताईंचा आवाज होता.

मी मंजूषाकडे बघितलं. ती पडद्याकडे बघत होती, पण हात थांबला होता.

"वीणाताई गर्गेबाईंच्या शेजारी बसल्यात," मी हळूच म्हटलं.

"नाही. त्यांची खुर्ची आत आहे. मी प्रत्येक वेळी बघते, त्या तिथेच असतात."

"तू बघतेस तेव्हा असतात." चाळीस मुलांच्या वर्गात आयुष्य काढलेल्या माणसाला एवढं कळतं. "मी वर्गाबाहेर गेले की माझी मागच्या बाकावरची मुलं पुढे यायची. दाराशी माझी सावली पडली की परत मागे. मला फक्त बाक जरासा हलताना दिसायचा."

मंजूषा उठली. यावेळी तिने दार एकदम ढकललं, पाऊल न वाजवता. आत दीनानाथराव, गर्गे आणि दोघी बायका खुर्च्या जवळ ओढून गोल करून बसले होते. मध्ये लाडवांचा डबा. गाण्याच्या भेंड्या चालल्या होत्या आणि 'ळ' वर गाडी अडली होती. आतल्या अवघड कोपऱ्यात कुणीच नव्हतं. रोज त्या रिकाम्या कोपऱ्याकडे फणीची नजर जात होती, तिथल्या अंधाराला "वीणाताई" म्हणून हाक मारत होती, आणि वीणाताई इकडे लाडू वाटत होत्या.

सगळे उठून उभे राहिले. दीनानाथरावांनी पुढे होऊन जबाबदारी घेतली.

"माझा निर्णय आहे हा. पहिल्याच दिवशी बघितलं, वीणाताई एकट्या त्या फासळीमागे. बरं दिसेना. बाईमाणूस, गुडघे धरलेले, अंधारा कोपरा. म्हटलं, इकडे या. तुझी पावलं वाजली की त्यांना परत पाठवायचो, तुला वाईट वाटू नये म्हणून. डबा कुणाला दिला नाही हो. ज्याचा त्याच्या गळ्यात."

"दहा वेळा खुर्ची उचलून मी मागे-पुढे केली," गर्गे म्हणाले. त्या सगळ्या दिवसांत त्यांचं हे सगळ्यात लांब वाक्य.

"आणि आत येऊन विचारायचीस, ठीक आहे ना?" वीणाताई म्हणाल्या. "काय सांगणार. ठीकच होतं सगळं."

मला वाटलं, आता ही चिडेल. दिवस भराभरा चालले होते, आणि मुलीच्या शाळेचा, घराचा प्रश्न या फणीवर होता. मंजूषा त्या मोकळ्या कोपऱ्यात गेली आणि पोलादी फासळीवर तिने नखाने टिचकी मारली. मग येऊन वीणाताईंच्या खुर्चीच्या हातावर बसली आणि डब्यातला एक लाडू उचलला.

"'ळ' वर काही नाही मिळायचं," ती म्हणाली. "दुसरं अक्षर घ्या."

घरी येताना गाडीत तिने मला सांगितलं, ते मला जवळजवळ तसंच आठवतं. "बाई, मी लोकांना खुर्च्या समजले. कुठल्या कोपऱ्यात कोण, हे मी आधीच ठरवून टाकलं, कारण मग शोधायला वेळ लागत नाही. मार्टाइनला तेच आवडलं होतं, किती झटपट उत्तर येतं म्हणून. मलाही अभिमान होता त्याचा. पण वेल्डर तरी नेमून दिलेल्या कोपऱ्यात बसतील का? कॉफी प्यायला एकत्र येतीलच ना. कुणाचा हात दुखला तर दुसरा जाऊन उभा राहीलच ना."

"मग?"

"मग प्रत्येक वेळी सगळ्या कोपऱ्यांतून नजर फिरवायची. ज्याचा डबा जिथून ओ देईल तिथे थांबायचं. आधी शोधायचं, मग बोलायचं. उशीर होईल थोडा. तो कमी करता आला तर आपण आहोत, नाही तर नाही."

पुढचे दिवस तिचे त्यातच गेले. खोपटातून आवाज येई आणि मी झोपेचा नाद सोडून दिला. सारंगने अँटेनाला धरायला सायकलच्या मडगार्डचं एक झकास स्टँड बनवलं. इरावती आईसाठी सँडविच करून खोपटात नेऊन ठेवी, आणि ते तिथेच सुकलेलं बघून परत आणून स्वतः खाई.

नव्या पद्धतीची चाचणी करायला आमची फौज पुन्हा बोलावली. मंजूषाने सांगितलं, "आता कुठेही बसा. हवं तसं फिरा." झालं, कुणी जागचं हलेना. चौघे आपापल्या जुन्या खुर्चीवर ताठ. वीणाताई अवघड कोपऱ्यात जाऊन बसलेल्या.

"मागच्या वेळी आमच्यामुळे तुझं नुकसान झालं," दीनानाथराव म्हणाले. "आता शिस्तीत राहू."

मंजूषाने कपाळाला हात लावला. शेवटी मी आत जाऊन त्यांना आंधळी कोशिंबीर खेळायला लावली. वीणाताईंना खुर्चीवर बसून राहायची सवलत, गर्ग्यांच्या डोळ्यांवर माझा स्कार्फ. बाहेर मी नावं पुकारत होते, आणि त्या पोलादी पोटातून धावपळ, हसणं आणि धापा टाकत म्हटलेले "हजर" येत होते. चारही. प्रत्येक वेळी. गर्गे बायकोला धरून "सापडली" म्हणाले तेही आलं.

"हे रेकॉर्ड केलं तर मार्टाइनला दाखवता येईल का?" सारंगने विचारलं.

"दाखवता येईल," मंजूषा म्हणाली. "समजावून सांगता येणार नाही."

गोदीतल्या चाचणीच्या दिवशी सारंगने मला आणि इरावतीला गाडीने नेलं. नदीच्या बांधावर गवत नुकतं कापलेलं होतं. आम्हाला डोक्यावर हेल्मेट देऊन धक्क्यावरच्या पिवळ्या रेघेच्या अलीकडे उभं केलं. टेबलावर स्पीकर, त्याच्याजवळ मंजूषा आणि मार्टाइन. मॅनहोलशी रोजचा पहारेकरी, त्याच्या पायाजवळ ती पितळेची फणी सारंगच्या स्टँडवर. तीन वेल्डर आत उतरले. तिसरा कोर नावाचा, पांढऱ्या मिशांचा, निवृत्तीला आलेला. त्याने गळ्यातल्या डब्याकडे, सुनेने नवा सदरा घालायला लावावा तसं बघितलं होतं.

आतून काम सुरू झाल्याचा आवाज आला. काही वेळाने पहारेकऱ्याने नावं पुकारायला सुरुवात केली. पहिला बोलला. दुसरा बोलला.

"कोर."

काही नाही.

"कोर."

मंजूषाचे खांदे कसे उभे होते ते मला पाठीमागून दिसत होतं. इरावतीने माझा हात धरला. मार्टाइनने घड्याळाकडे बघितलं नाही, पण बघावंसं वाटलं असावं. पडद्यावर कोरच्या नावापुढे हिरवा ठिपका होता. म्हणजे फणीला तो सापडलेला होता. मग तो बोलत का नव्हता?

आणि स्पीकरमधून आवाज आला.

टक. टक.

पहारेकरी हसायला लागला. तो मार्टाइनशी डचमध्ये जे बोलला ते सारंगने मला सांगितलं. कोर टाकीत कधी बोलतच नाही. इतकी वर्षं हातोडीने भिंतीवर दोनदा मारतो, म्हणजे सगळं ठीक आहे. ते ऐकायला पहारेकऱ्याला दर वेळी गुडघ्यांवर बसून बोटीला कान लावावा लागतो. आज पहिल्यांदाच बसल्या जागी ऐकू आलं. आजही त्याने डब्याचं बटण दाबलं होतं, आणि मग सवयीने हातोडी मारली होती.

मंजूषाने माइक जवळ ओढला. नखाने त्यावर दोनदा टिचकी मारली.

क्षणभर थांबून आतून पुन्हा आवाज आला. टक. टक.

"खूट," मार्टाइन म्हणाला, म्हणजे चांगलं झालं. त्याच्या मानाने ते फार होतं. मंजूषा आमच्याकडे वळली तेव्हा तिचे डोळे भरलेले होते आणि ती सारंगला म्हणत होती, "तो कॉफीच्या थर्मासपाशी बसला होता रे. ठरलेल्या जागेच्या अगदी उलट्या टोकाला."

तिचा करार वाढला. इरावती तिच्या शाळेत गेली, पण थोडेच महिने. गोद्या सगळ्या तिकडे नदीकाठी, काम वाढलं, रोजचं जाणं-येणं जमेना, आणि पुढच्या वर्षी ते तिघं कापेललाच राहायला गेले. इरावतीला रस्ता पुन्हा पाठ करावा लागला. फोनवर ती आता माझ्याशी मराठीत बोलते, मधेमधे अडते, मी थांबते.

यंदा मी पुन्हा पुष्करकडे गेले होते. शेजारी एक तरुण डच जोडपं आलंय, चांगली माणसं आहेत, येता-जाता हात करतात. त्यांनी कुंपणाची फळी व्यवस्थित ठोकून बसवली आहे, नवा रंगही दिला आहे. खोपटात त्यांच्या सायकली असतात.

दुपारी मी जेवून आडवी होते. कुठूनही आवाज येत नाही. बराच वेळ तशीच पडून राहते, मग उठून चहा करते, आणि पातेलं गॅसवर ठेवण्याआधी त्याला एक टिचकी मारते.